शेवग्याची वाळकी फांदी आणि तांबट : परसातल्या कामाच्या नोंदी

जागा : पुणे, एरंडवणे. जुना बंगला पाडून इमारत झाली, तिच्या मागे उरलेलं परस. साधारण १२ मीटर बाय ९ मीटर. झाडं : शेवगा, कुंपणालगत उंबर, रामफळ, पारिजातक, दोन नारळ.
काम : शेवग्याची वाळलेली फांदी तोडायची की तांबट पक्ष्याला घर कोरायला ठेवायची ते ठरवणं, आणि ठेवायची तर कुणाच्या डोक्यात पडणार नाही अशी ठेवणं.

११ जानेवारी

सकाळी आठच्या सुमारास वाळक्या फांदीच्या शेंड्यावर तांबट ऊन खात बसलेला. थंडीत हा पक्षी असाच उघड्या शेंड्यावर दिसतो आणि बहुतेक गप्प असतो. चिमणीहून जरा मोठा, गुटगुटीत, शेपूट आखूड. अंग हिरवं, कपाळ आणि छातीवरचा पट्टा लालभडक, गळा आणि डोळ्याभोवतीची जागा पिवळी, पोटावर हिरवट रेघोट्या, पाय लाल. चोचीच्या मुळाशी राठ मिश्या. कपाळाला लाल रंग नसेल तर ते त्या वर्षीचं पिल्लू समजावं.

तळमजल्यावरच्या आजींना दुर्बिणीतून दाखवला. "हा होय तो! मे महिन्यात आम्हाला दुपारी दामटून झोपवायचे, तेव्हा हा ठोकत असायचा." आवाज त्यांच्या कानात साठेक वर्षं आहे, पक्षी आज पहिल्यांदा पाहिला. यात नवल नाही. ओरडताना तांबट मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज क्षणात डावीकडून, क्षणात उजवीकडून आल्यासारखा वाटतो. शिवाय बसतो पानांच्या रंगाच्या अंगाने. खालून शोधणाऱ्याची मान मोडते.

१३ जानेवारी

इमारतीतल्या चार जुन्या रहिवाशांकडून परसाचा पूर्वीचा नकाशा काढून घेतला. यातली एक युक्ती : पक्ष्याचं नाव विचारायचं नाही, झाडाची जागा विचारायची. "लहानपणी तांबट होता का" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. "विहिरीजवळ काय होतं, विटीदांडू खेळताना मध्ये काय यायचं" असं विचारलं की जागा पावलांच्या हिशेबात सांगतात. चौघांच्या सांगण्यात विहिरीजवळचा पांगारा आला आणि तिघांना त्याच्या आडव्या फांदीच्या पोटाला असलेली भोकं आठवली. सुतार पक्ष्याची भोकं असं ते म्हणतात. सुतारही ढोली कोरतो, पण आडव्या किंवा कललेल्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून मोठं, पेल्याच्या तोंडाहून लहान, कडा घासून गुळगुळीत झालेलं गोल भोक आणि वर्षानुवर्षं त्याच फांदीवर त्यांची ओळ, हे वर्णन तांबटाला जास्त जुळतं. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, त्यामुळे तेही पटतं.

पांगारा बांधकामात गेला. आज परसात मऊ आणि मेलेलं लाकूड असलेली एकच जागा उरली आहे, ती म्हणजे शेवग्याची ही फांदी. तांबटाच्या खाण्याची काळजी नको, शेजारी उंबर भरपूर लागतो. अडचण घराची आहे. धान्याची ताटली ठेवून उपयोग नाही, हा फळं खाणारा पक्षी आहे. लाकडी पेटीही नको, त्याला स्वतः कोरायला लागतं.

१८ जानेवारी

फांदीची तपासणी. बुंधा छातीच्या उंचीला ३४ सेंमी व्यासाचा, जिवंत. फांदी जमिनीपासून ३.८ मीटरवर फुटलेली, मुळाशी १६ सेंमी जाड, ४.२ मीटर लांब, साधारण ३० अंशांनी वर गेलेली. टोकाकडचा भाग दोनचाकींच्या जागेवर येतो. फांदी खाली पडेल ही रहिवाशांची तक्रार रास्त आहे.

तपासण्याची पद्धत :

लाकडी हातोडीने मुळापासून टोकापर्यंत दर वीतभर अंतरावर ठोकायचं. टणक आवाज म्हणजे भरीव, बद्द आवाज म्हणजे आत कुजलेलं. मग जाड स्क्रूड्रायव्हर हाताच्या जोराने दाबायचा. अर्धा सेंमीही जात नसेल तर लाकूड तांबटाच्या चोचीला कठीण. दोनेक सेंमी गेला आणि भुसा दाणेदार निघाला तर उत्तम. मुठीपर्यंत गेला आणि ओला चुरा निघाला तर ती जागा पक्ष्याच्या आणि माणसाच्या दोघांच्याही कामाची नाही.

इथे : मुळापासून ४० सेंमीपर्यंत टणक, पुढे सव्वा मीटरभर मऊ दाणेदार, त्यानंतर साल सुटलेली आणि लाकूड हलकं, कोरडं. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे चीर नाही, अळंबी नाही, वाळवीची माती नाही. फांदी ठेवायची की नाही याचा निकाल सर्वात आधी या जोडावर लागतो. जोडाशी अळंबी उगवलेली असती तर पक्षीप्रेम बाजूला ठेवून फांदी मुळापासून काढावी लागली असती.

निर्णय : १.४ मीटरचं खुंट ठेवायचं, बाकी उतरवायचं. फांदी सगळीकडे सारख्या जाडीची धरली, तर लांबी एक तृतीयांश केल्यावर तिच्या वजनाने जोडावर येणारा ताण एक नवमांश होतो. हे गणित रहिवाशांच्या सभेत फळ्यावर मांडलं तेव्हा विरोध बराच मावळला. उरलेला विरोध दोनचाकींची जागा तीन मीटर सरकवल्यावर गेला. पांढऱ्या रंगाचे नवे पट्टे मारायला झाड तोडण्याच्या मजुरीहून कमी पैसे लागतात.

२२ जानेवारी

महापालिकेच्या उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज. फांदी वाळलेली असली तरी परवानगी हवी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली झाडाला इजा करणंही तोडण्यात धरलं जातं. अर्जाला तीन फोटो जोडले : पूर्ण झाड, जोड जवळून, खाली काय आहे ते. "धोकादायक फांदी काढणे" असं मोघम लिहिलं की छाटणारे मुळापासून काढून मोकळे होतात. म्हणून "जोडापासून १.४ मीटर राखून पुढील भाग उतरवणे" असं लिहिलं आणि फोटोवर लाल रेघ मारली.

१ फेब्रुवारी

परवानगी आली, छाटणी केली. आदल्या दोन संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास फांदीवर लक्ष ठेवलं होतं. तांबट वर्षभर रात्री ढोलीत झोपतो, त्यामुळे घरट्याचा हंगाम नाही म्हणजे ढोली रिकामी असं धरता येत नाही. कुणी आत शिरलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये रानपाखरांची अंडी किंवा घरटी बिघडवणं शिकारीच्या व्याख्येतच बसतं, हे छाटणाऱ्यांनाही सांगून ठेवलं.

शेवगा ठिसूळ. नुसती वरून करवत लावली तर फांदी अर्ध्यात खाली झुकते आणि कापाखालच्या लाकडाची लांब ढलपी ओढत नेते. आपल्याला ठेवायचंय ते लाकूड नेमकं फाटतं. म्हणून आधी खालून एक तृतीयांश खाच, मग तिच्यापासून चार बोटं बाहेरच्या बाजूला वरून काप. तुकडे दोरखंडाने उतरवले, फेकले नाहीत. खुंटाचं टोक तिरकं कापलं म्हणजे पाणी निथळतं. टोकाला डांबर, रंग, गेरू काही लावलं नाही. वाळवीचं औषध तर अजिबात नाही.

उतरवलेल्या २.८ मीटरमधून ८० सेंमीचे तीन ओंडके निघाले. प्रत्येकी पाच किलोच्या आतबाहेर.

८ फेब्रुवारी

ओंडके टांगले. खरं तर हा राखीव बेत. उभ्या झाडावरचं खुंट असताना तांबट टांगलेल्या ओंडक्याकडे वळेल अशी फारशी आशा नाही, पण ज्यांच्या परसात मेलेली फांदीच नाही त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून ठेवतो.

प्रत्येक ओंडक्याच्या खालच्या अंगाला, वरच्या टोकापासून २० सेंमीवर, गिरमिट आणि पटाशीने ४५ मिमी व्यासाचा, २५ मिमी खोल खळगा केला. पूर्ण भोक पाडायचं नाही. तयार भोक दिसलं की चिमणी किंवा दयाळ आधी पोचतात आणि तांबटाला कोरायला काही उरत नाही. खळगा ही फक्त सुरुवात करून दिलेली.

ओंडका ४० अंशांनी कलता, खळगा जमिनीकडे. खळगा वर किंवा बाजूला ठेवला तर पहिल्याच वळवात आत पाणी साचतं. वरच्या टोकावर पत्र्याची टोपी, चार सेंमी बाहेर आलेली. बांधायला दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे), पट्टा आणि साल यांच्यामध्ये जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे. खिळे नाहीत, तार तर नकोच. जिवंत झाडाभोवती आवळलेली तार वर्षा-दोन वर्षांत सालीत रुतते आणि वरच्या फांदीचा अन्नरस अडवते. पट्टे वर्षातून एकदा सैल करायचे.

क्रमांक १ उंबरावर ४ मीटर उंचीला. क्रमांक २ रामफळावर, २.५ मीटर. क्रमांक ३ जस्ती पाइपच्या खांबावर ३.५ मीटर, तिथे दुपारचं ऊन थेट येतं.

१४ फेब्रुवारी

गळा सुटला. सकाळी साडेसातला उंबरातून टुक, टुक, टुक. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणायचं. मिनिटाला १०८ ते १२१ हा पक्ष्यांच्या पुस्तकांतला आकडा, इथली मोजणी त्यातच बसते. लय सारखी, ठोका सारखा, कसब्यातल्या तांबट आळीत पातेल्यावर मठार मारतात तशी. सुरुवातीला काही ठोके अडखळत येतात, मग लय लागते. ओरडताना चोच मिटलेलीच, प्रत्येक ठोक्याला गळ्याची बाजू फुगते. दुर्बीण असेल तर आवाजाचा माग काढण्यापेक्षा हा फुगणारा पिवळा गळा शोधावा.

याला "कुटर्र कुटर्र" ऐकणारे चुकतात, तो कुटुर्गा, तांबटाच्याच कुळातला. आकाराने बराच मोठा, त्याला भोकही मोठं लागतं.

फोनवरून आवाज वाजवून पक्षी बोलावणं बंद. हंगामात तो आवाज त्याला घुसखोर वाटतो आणि कोरायचं सोडून तो भांडायला येतो.

१९ फेब्रुवारी

खुंटाखाली जमिनीवर ताजा भुसा. कोरणं सुरू झाल्याची ही सगळ्यात भरवशाची खूण, भोक दिसायच्या आधी ती मिळते. खाली जुनी पांढरी चादर अंथरली, चार कोपऱ्यांना विटा. संध्याकाळी चादरीवर दोन ते पाच मिमीच्या ढलप्या, पिवळसर, कोरड्या. ढलप्या करड्या आणि ओलसर येऊ लागल्या तर समजावं की पक्षी कुजक्या गाभ्यापर्यंत गेला. असं झालं की बहुधा ती जागा सोडून तो पुढे दुसरं भोक सुरू करतो. अर्धवट भोकं दिसली की लोक "घरटं सोडलं" म्हणून हळहळतात. बरेचदा ती नुसती चाचपणी असते.

भोक जोडापासून ७० सेंमीवर, अगदी पोटाला. नर-मादी सारखेच दिसतात, दोघेही कोरतात, पाळीपाळीने. एक आत असताना दुसरा वरच्या फांदीवर. आतला मागे सरकत बाहेर येतो, चोचीत भुसा, मान झटकून टाकून देतो आणि पुन्हा आत. पक्ष्याचं अर्धं अंग आत आणि शेपूट बाहेर, एवढंच चित्र बराच वेळ दिसतं.

बघण्याचं अंतर दहा मीटर. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बरोबर समोर येते, तीच ठरवली. मुलांना तिथेच उभं करायचं.

६ मार्च

चादर कोरी. कोरणं संपलं. सुरुवात धरून दोन आठवड्यांहून जरा जास्त लागले. भोकाचं तोंड फोटोवरून साडेचार सेंमीच्या आसपास. आत बोगदा वळून मोठी पोकळी होते, अंडी भुशावरच. गवत-कापूस काही नेत नाहीत, त्यामुळे चोचीत काडी दिसत नाही म्हणून घरटं नाही असं मानू नये. अंडी साधारण तीन-चार, पांढरी. आम्ही पाहिलेली नाहीत आणि पाहणारही नाही. मोबाइलच्या केबलवाल्या कॅमेऱ्याची सूचना आली होती, ती फेटाळली. मऊ लाकडाची कड तुटली की तोंड मोठं होतं आणि साळुंकीला वाट मिळते.

ओंडका क्रमांक १ वर चोचीचे व्रण, खळगा बोटभर खोल झालेला. पुढे काही नाही.

२६ मार्च

उबवणं साधारण दोन आठवड्यांचं, दोघंही बसतात. आजपासून चोचीत किडे. एरवी फळावर जगणारा हा पक्षी लहान पिल्लांना किडे भरवतो. पुढे उंबर, नांद्रुकाची फळं येऊ लागतात.

आता परसातली कामं बदलायची. झुरळांच्या फवारणीची तारीख पुढे ढकलली. पारिजातकावर मावा आहे, तिथे साबणाचं पाणीसुद्धा खुंटाच्या बाजूने मारायचं नाही. उंबराची फळं पडून अंगण चिकट होतं म्हणून फांद्या छाटाव्यात अशी मागणी दरवर्षी मार्चमध्येच येते. तिचं उत्तर : झाडणं दोनदा, छाटणी पावसाळ्यानंतर.

५ एप्रिल

खार. बुंध्यावरून चढून भोकापर्यंत गेली, तांबटाने आतून चोच बाहेर काढली, ती परतली. अंडी-पिल्लांना खारीपासून धोका असतो. बुंध्याला पत्र्याचा पट्टा बसवला : जस्ती पत्रा, ४५ सेंमी रुंद, खालची कड जमिनीपासून दीड मीटरवर, दोन्ही टोकं एकमेकांवर सरकणारी आणि स्प्रिंगने धरलेली, म्हणजे बुंधा वाढला तरी आवळत नाही. कडा दुमडून घेतल्या.

पट्टा एकटा कामाचा नाही. उंबराची डहाळी शेवग्यापासून हातभर अंतरावर होती, खार तिथून उडी मारते. दोन झाडांमध्ये दोन मीटरहून जास्त मोकळी जागा हवी. डहाळी कापण्याऐवजी दोरीने मागे ओढून बांधली. ती दोरी हंगाम संपला की सोडायची आहे, फलकावर लिहून ठेवलं.

२८ एप्रिल

पहिलं पिल्लू बाहेर. कपाळ फिकट हिरवं, छातीला लाल पट्टा नाही, डोळ्याभोवती पिवळं आहे. शेवटचे काही दिवस ते तोंड बाहेर काढून बसायचं, त्यामुळे भरवणारे आत न शिरता बाहेरूनच फळ देत होते. ही खूण दिसली की पिल्लू लवकरच उडणार.

दुपारी चारपर्यंत दुसरंही गेलं.

१६ मे

तेच जोडपं जरा पुढे, ९५ सेंमीवर, नवीन भोक कोरतंय. तांबट एका हंगामात लागोपाठ दोन वेळा वीण घालतो. जुन्या भोकात संध्याकाळी पावणेसातला एक तांबट झोपायला शिरतो.

या जुन्या भोकांवर पुढे इतरांचा संसार चालतो. दयाळ, चिमणी, पिवळ्या गळ्याची रानचिमणी, सगळे ढोलीत घरटं करणारे, पण स्वतः कोरता न येणारे. सलीम अलींना शाळकरी वयात, १९०८ साली, ज्या पाखराने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारात नेलं ती हीच पिवळ्या गळ्याची चिमणी. इथे ती अजून दिसलेली नाही, पण क्रमांक १ चा अर्धवट कोरलेला ओंडका दयाळ रोज तपासून जातो. तो खळगा आता आम्हीच गिरमिटाने १२ सेंमी खोल करणार. तांबटाने नाकारलेला ओंडका दयाळाला देण्यात काही गैर नाही.

क्रमांक ३ उतरवला. दुपारच्या उन्हाने लाकूड तडकलं, साल निघाली, खळग्यातून आरपार चीर गेली. खांबावर टांगायचा तर सावलीत, नाहीतर टांगू नये. क्रमांक २ ला कुणी शिवलंही नाही. अडीच मीटर उंची, खालून माणसांची सतत ये-जा, हे कारण असावं.

१४ जून

पहिल्या जोराच्या पावसानंतरची तपासणी. भोक पडल्यामुळे खुंट त्या जागी कमजोर झालंय. १६ सेंमीच्या फांदीत सात-आठ सेंमीची पोकळी, म्हणजे कड चार सेंमीची. वारा आला की मोडायचं तर तिथूनच मोडणार. म्हणून जोड, भोक १ आणि भोक २ अशा तीन जागी पट्टा न आवळता नायलॉनच्या दोरीची सैल झोळी वरच्या जिवंत फांदीवरून घातली. खुंट मोडलं तरी लटकेल, आदळणार नाही. झोळी भोकासमोरून जाता कामा नये, उडत येणारा पक्षी अडतो.

दुसऱ्या भोकातून पिल्लांचा आवाज आहे, त्यामुळे शिडी लावलेली नाही. वरची दोरी गच्चीवरून टाकली.

६ जुलै

बुंध्यावर केसाळ सुरवंटांचा घोळका, वीतभर रुंद. शेवगे बरेचदा याच दिवसांत आणि याच कारणाने तोडले जातात. मशाल लावायची नाही. शेवग्याची साल भाजली की पुढच्या वर्षी त्या बाजूची आणखी एक फांदी मरू शकते, आणि वरच्या भोकात धूर जातो.

दिवसा ते एका जागी गोळा होऊन बसतात, रात्री पानांवर चढतात. म्हणून काम दुपारी करायचं. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. बादलीत पाच लिटर पाणी आणि दोन मुठी कपडे धुण्याची पावडर, ती बुंध्याला टेकवून धरायची आणि लांब दांड्याच्या कुंच्याने सुरवंट वरून खाली तिच्यात झाडायचे. केस वाऱ्याने उडतात, म्हणून वारा पाठीमागून असावा. उरलेल्यांसाठी एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, फक्त बुंध्यावर, दीड मीटर उंचीपर्यंत. अंगाला खाज सुटली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढली की केस निघतात, मग साबणाने धुवायचं.

पत्र्याचा पट्टा आज काढला, त्याच्या आडोशालाच सर्वात जास्त सुरवंट होते. फेब्रुवारीत पुन्हा बसवायचा. उंबराची बांधलेली डहाळी सोडली. छाटणीचा पुढचा अर्ज ऑक्टोबरमध्ये : उंबर, फक्त रस्त्याकडची बाजू.